मशीन नंतर, आधी जागा

पुढच्या वर्षी बायको-मुलांसह देश सोडताय, साठवलेल्या पैशातून पाच व्हेंडिंग मशीन घ्यायचा विचार आहे, आणि एक विक्रेता मशीन व जागा दोन्ही एकत्र द्यायला तयार आहे. ‘एकदा लावलं की बघायला नको’ असं तो म्हणतो. पैसे भरू का, असं तुम्ही विचारलंय. कळकळीनं सांगतो, आत्ता भरू नका. मी सात वर्षं हा धंदा करतोय. आपले देश वेगळे, म्हणून कायद्याचं मोघमच सांगेन. मशीन मात्र कुठेही सारखंच वागतं.

सगळ्यात आधी व्हिसा. नोकरीचा व्हिसा बऱ्याच देशांत एकाच मालकाशी बांधलेला असतो. अशा वेळी स्वतःच्या मशीनमध्ये माल भरणं हेसुद्धा बेकायदा काम ठरू शकतं, आणि त्यापायी पुढचा कायमचा परवाना अडकू शकतो. तिथल्या वकिलाची फी देऊन हे लेखी विचारून घ्या. व्यवसायाची नोंदणी, कर, खाद्यपदार्थांचा परवाना, विमा हे सगळं त्यानंतर.

आता माझी चूक ऐका. मी आधी तीन जुनी मशीन घेतली आणि मग जागा शोधायला निघालो. चार महिने ती गॅरेजमध्ये उभी होती. शेवटी घायकुतीला येऊन एका कार्यालयात तोंडी बोलीवर एक लावलं. सहा महिन्यांनी तिथला व्यवस्थापक बदलला आणि आठवड्याभरात मशीन उचलायला सांगितलं. खाण्याचं मशीन रिकामंसुद्धा अडीच-तीनशे किलोच्या घरात जातं. पट्टे, ट्रॉली, मागे लिफ्ट असलेली गाडी आणि माणसं, एवढं सगळं लागतं. त्या एका उचलण्यात तिथली सगळी कमाई गेली. म्हणून करार लेखीच हवा: किती मुदत, किती दिवसांची नोटीस, वीजबिल कोणाचं, आत जायच्या वेळा कोणत्या, आणि जागेच्या मालकाला द्यायचं कमिशन कर वजा करून की एकूण विक्रीवर.

जागा जोखताना नुसती गर्दी बघू नका. रेल्वे स्टेशनबाहेरून हजारो जातात, पण समोर दुकान उघडं असेल तर तुमच्याकडे कोण येणार? जिथे माणूस अडकलेला असतो ती जागा बघा. रात्रपाळीचा कारखाना, गोदाम, वाट बघत बसावं लागतं अशी गाड्या दुरुस्तीची जागा. माझं सर्वात चांगलं मशीन जेमतेम नव्वद कामगारांच्या गोदामात आहे, कारण रात्री दोन वाजता त्यांना दुसरं काहीच मिळत नाही.

विक्रेता जागेसकट मशीन देतो तेव्हा त्याची कमाई मशीन विकण्यात असते. जागा कशीही निघाली तरी त्याचे पैसे वसूल झालेले असतात.

मशीन घ्यायची वेळ आली की दोन गोष्टी विचारा: एमडीबी आहे का, आणि डीईएक्स आहे का. एमडीबी म्हणजे नाणी, नोटा आणि कार्ड रीडर मशीनच्या मेंदूला जोडणारी ठरलेली पद्धत. ती नसलेल्या जुन्या मशीनला कार्ड रीडर लावणं जिकिरीचं असतं, आणि आता सुटे पैसे खिशात ठेवतो कोण? डीईएक्समधून कोणत्या खणातून किती विकलं गेलं ते निघतं. रीडर मोबाइल नेटवर्कवर असला तर हा आकडा घरबसल्या दिसतो. मी आदल्या रात्री प्रत्येक मशीनचा माल वेगळ्या क्रेटमध्ये भरून ठेवतो, त्यामुळे फेरीतला निम्मा वेळ वाचतो. पण कार्डाची फी छोट्या खरेदीवर जास्त टोचते, कारण त्यात अनेकदा दर व्यवहारामागे ठरावीक रक्कमही असते. ती किमतीत आधीच धरा.

खणातला माल पुढे ढकलणाऱ्या स्प्रिंगकडे नीट लक्ष द्या. दोन वेढ्यांमधलं अंतर पाकिटाच्या जाडीला जुळलं पाहिजे. पाकीट जाड असलं तर ते टोकाशी काचेला नाक लावून लटकतं, आणि गिऱ्हाईक मशीन हलवायला लागतं. मशीन अंगावर कोसळून माणसं मेल्याच्या घटना घडल्या आहेत, म्हणून ते भिंतीला किंवा जमिनीला पक्कं करा. माल पडला की नाही हे पाहणारा सेन्सर असेल तर काहीच पडलं नाही की स्प्रिंग आणखी फिरते किंवा पैसे परत मिळतात. नवा माल भरल्यावर प्रत्येक खणातून एकेक नग मी स्वतः काढून बघतो. नवा माल नेहमी मागे, जुना पुढे.

थंड पेयांच्या मशीनमागे हवेला जागा सोडा आणि कंडेन्सरवरची (आतली उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीवरची) धूळ दर महिन्याला झाडा. माझा पहिला कॉम्प्रेसर निव्वळ धुळीनं गेला. मशीन आडवं करून आणलं असेल तर उभं केल्यावर लगेच चालू करू नका. मी पूर्ण एक दिवस थांबतो.

तुम्ही तिथे पोहोचा, घर लागू द्या, मुलांची शाळा सुरू होऊ द्या. मग एकच जागा, एकच मशीन, वर्षभर. तोवर त्या विक्रेत्याकडे एवढंच मागा: त्यानं आधी लावून दिलेल्या कोणत्याही एका मशीनचा सलग सहा महिन्यांचा डीईएक्स अहवाल, आणि त्या जागेशी झालेल्या कराराची प्रत. ते हातात आले तर मला पाठवा, आपण दोघं बसून आकडे तपासू.