कुरआनात सारे विज्ञान असेल, तर संशोधन कशाला?

प्रश्न : मी परभणीच्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकते. आमचे मामू म्हणतात की आजचे सारे शोध कुरआनात आधीच सांगितलेले आहेत. वर्गातल्या मैत्रिणी म्हणतात की श्रद्धाळू माणसाने संशोधनाच्या वाटेला जाऊ नये. मला तर संशोधनच करायचे आहे. कोणाचे खरे मानू? – एक वाचक, परभणी

उत्तर : दोन्ही म्हणणी आम्हाला मान्य नाहीत. मामूंच्या बोलण्यामागे ग्रंथावरचे प्रेम आहे, यात शंका नाही; पण प्रयोगशाळेत शोध लागल्यावर त्याला जुळणारी आयत (कुरआनातील वचन) शोधायची, ही रीत चिंतनाची नव्हे. वैज्ञानिक सिद्धान्त पुराव्यानुसार सुधारले जातात. आयतीचा अर्थ आजच्या सिद्धान्ताला बांधला, तर उद्या तोही बदलावा लागेल. कुरआनातील सूरह (अध्याय) आले-इमरानच्या 190 आणि 191 या आयतींत उठता-बसता, पहुडलेले असतानाही अल्लाहचे स्मरण करणाऱ्या आणि आकाश-पृथ्वीच्या निर्मितीवर विचार करणाऱ्या माणसांचे वर्णन आहे. सूरह गाशियामध्ये तर उंट कसा घडवला, आकाश कसे उंचावले, डोंगर कसे रोवले, हे पाहत नाहीत का, असे विचारले आहे. उत्तर तेथे दिलेले नाही. पाहण्याचे काम माणसावर सोपवले आहे.

याचा सर्वांत बोलका दाखला पैगंबरांच्या जीवनातच आहे. इ.स. 632 मध्ये त्यांचा तान्हा मुलगा इब्राहीम वारला आणि त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले. हे ग्रहण त्या मृत्यूमुळेच लागले, असे लोक म्हणू लागले. तेव्हा, सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या निशाण्या असून कोणाच्या मरणाने वा जन्माने त्यांना ग्रहण लागत नाही, असे सांगून त्यांनी लोकांना नमाज आणि प्रार्थना करण्यास सांगितले. ऐन दुःखात, स्वतःचा गौरव वाढवणारी समजूत त्यांनी नाकारली, ही गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. पुढे धर्मचिंतक इमाम गझाली यांनी तत्त्वज्ञांच्या मतांचे खंडन करणाऱ्या ‘तहाफुत अल-फलासिफा’ या ग्रंथात याच हदीसची (पैगंबरांच्या वचनाची) चर्चा करताना बजावले की गणिताने सिद्ध झालेले ग्रहणाचे कारण धर्माच्या नावाने नाकारणारा माणूस धर्माचेच नुकसान करतो. तत्त्वज्ञांवर इतकी कठोर टीका करणाऱ्या ग्रंथात हे लिहिलेले आहे, हे मामूंना अवश्य दाखवा.

मैत्रिणींना इब्न अल-हैसम यांच्याविषयी सांगा. सुमारे 965 मध्ये बसऱ्यात जन्मलेल्या या विद्वानाने ग्रहणाच्या आकारावर स्वतंत्र प्रबंध लिहिला. खंडग्रास ग्रहणाच्या वेळी बारीक छिद्रातून आलेला सूर्यप्रकाश पडद्यावर चंद्रकोरीच्या आकाराचा दिसतो, पण छिद्र मोठे केले की तो आकार हरवतो, असे का होते, याचा त्यांनी भूमितीने उलगडा केला. प्राचीन खगोलशास्त्रज्ञ टॉलेमीसारख्या मान्यवराच्या ग्रंथांतील विसंगतीही त्यांनी निर्भयपणे दाखवल्या. आपल्या मराठवाड्यातही छत्रपती संभाजीनगरात बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याशेजारी डोंगरातून खापरी नळांनी आणलेल्या पाण्यावर पाणचक्की फिरवली गेली. उताराचा अचूक हिशेब केल्याशिवाय हे घडणे शक्य नव्हते.

2 ऑगस्ट 2027 रोजी मक्केत खग्रास सूर्यग्रहण दिसेल आणि पश्चिम भारतात ते खंडग्रास असेल. पावसाळी ढगांनी वाव दिला, तर पुठ्ठ्याला वेगवेगळ्या मापांची छिद्रे पाडून प्रत्येकातून पडणारी प्रतिमा मोजा. सूर्याकडे थेट मात्र पाहू नका. त्या वेळची ग्रहणाची नमाजही मामूंसोबत अदा करा.