वाचकांचे प्रश्न : कार्बनची फुल सस्पेन्शन माउंटन बाइक

प्रश्न : माझ्या कार्बन ट्रेल बाइकला मागे १५० आणि पुढे १६० मिमी ट्रॅव्हल (चाक वरखाली होण्याची मर्यादा) आहे. माझे वजन ८२ किलो. सॅग (नुसत्या वजनाने शॉक दबतो तेवढा भाग) ३० टक्के ठेवूनही तीन-चार फुटांच्या ड्रॉपवर (उडी मारून उतरायच्या पायरीवर) मागचा शॉक खाडकन तळाला लागतो. हवा वाढवली की ते थांबते, पण मग मुळांवरून आणि बारीक दगडांवरून जाताना अंग खिळखिळे होते. मधला आकडा कसा शोधायचा?

उत्तर : मधला आकडा मिळणार नाही, कारण एका दाबाकडून तुम्ही दोन कामांची अपेक्षा करत आहात. हवेच्या दाबाने सॅग ठरतो. ट्रॅव्हलच्या शेवटी शॉक किती कडक व्हावा, हे हवेच्या कप्प्यातल्या व्हॉल्यूम स्पेसरने (कप्प्यातली जागा कमी करणाऱ्या तुकड्याने) ठरवायचे असते.

आधी सॅग पुन्हा मोजा. हेल्मेट, पॅड, पाण्याची पिशवी असा पूर्ण जामानिमा अंगावर हवा. ८२ किलो त्यासह आहेत की त्याशिवाय, हे तुम्ही लिहिलेले नाही आणि त्याने चार-पाच किलोंचा फरक पडतो. शॉकचा कॉम्प्रेशन लिव्हर (दबणे कडक-मऊ करणारी कळ) पूर्ण मोकळा करा. भिंतीचा आधार घेऊन, उतारावर उभे राहता तसे दोन्ही पेडलवर उभे राहा, रबरी रिंग सीलला टेकवा आणि गाडी न दाबता अलगद उतरा. टक्केवारी मागच्या चाकाच्या १५० मिमीवर नव्हे, शॉकच्या स्ट्रोकवर (शॉक स्वतः जेवढा दबू शकतो त्या लांबीवर) काढायची. स्ट्रोक ६० मिमी असेल, तर ३० टक्के म्हणजे १८ मिमी. पुढच्या फोर्कला १५ ते २० टक्के, म्हणजे २४ ते ३२ मिमी पुरतात.

हवा भरताना दर ५० पीएसआयला थांबून शॉक आठ-दहा वेळा सावकाश दाबा. तसे केल्यावरच मुख्य कप्प्यातली हवा निगेटिव्ह कप्प्यात (उलट दिशेने ढकलणाऱ्या छोट्या कप्प्यात) शिरते आणि पंपावरचा आकडा खाली येतो. ही पायरी गाळली तर आज मोजलेला सॅग पहिल्याच फेरीत बदलतो. पंप काढताना येणारा फुस्स आवाज नळीतल्या हवेचा असतो, शॉकमधल्या नाही; त्या धास्तीने जास्तीची हवा भरू नका.

सॅग बरोबर निघाला आणि तरीही शॉक आदळत असेल, तर तो नेमका कधी आदळतो ते पाहा. एकट्या ड्रॉपवर आदळत असेल तर स्पेसर लागेल. लागोपाठच्या खड्ड्यांच्या शेवटी आदळत असेल तर रिबाउंड (दबलेला शॉक परत उघडण्याचा वेग) फार मंद आहे. शॉक पुरता उघडायच्या आत पुढचा धक्का येतो, ट्रॅव्हल प्रत्येक धक्क्याला आखडत जाते आणि चालवणाऱ्याला गाडी कडक वाटते. या कडकपणाला हवा जास्त झाल्याचे लक्षण समजून हवा कमी करणारे बरेच जण भेटतात. त्यांचा त्रास वाढतच जातो. रिबाउंडची कळ पूर्ण बंद करून क्लिक मोजा, निम्म्यावर आणा आणि तिथून एकेक क्लिक बदला. खोगिरावर बसून फुटपाथच्या कडेवरून उतरल्यावर शॉक दबून एकदाच वर यावा, पुन्हा झोका घेऊ नये. दाब वाढवला की रिबाउंड थोडा मंद करावा लागतो, तेही लक्षात असू द्या. वाढवलेल्या हवेवर गाडी अंग झोडपते त्याचे एक कारण हेच असू शकते.

स्पेसर घालताना शॉकमधली हवा सगळी सोडावी लागते, आणि तीही हळूहळू. एकदम सोडली तर निगेटिव्ह कप्प्यातली हवा अडकते आणि शॉक दबलेलाच राहतो. दाब शून्य झाल्याशिवाय एअर कॅन (शॉकचे हवेचे नळकांडे) फिरवायलाही घेऊ नका. एका वेळी एकच स्पेसर घाला, कमाल किती चालतात ते शॉकच्या पुस्तिकेत पाहा, आणि दाब तोच ठेवून तोच उतार पुन्हा करा. दिवसभरातल्या सर्वांत मोठ्या एक-दोन धक्क्यांना शॉक शेवटपर्यंत जावा, पण ठणका बसू नये. रिंग कायम १० मिमी अलीकडेच थांबत असेल तर स्पेसर जास्त झाला.

प्रश्न : उतारावर चाकाने उडवलेला दगड डाउन ट्यूबला (फ्रेमच्या खालच्या तिरप्या नळीला) खालून लागला. रुपयाएवढा रंग उडाला आहे. पोचा दिसत नाही. चालवू का?

उत्तर : तपासल्याशिवाय नको. पोचा नाही याचा दिलासा ॲल्युमिनियमच्या फ्रेमला मिळतो, कार्बनला नाही. कार्बनचा पृष्ठभाग जागेवर परत येतो आणि आतले थर एकमेकांपासून सुटलेले असू शकतात.

जागा साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडी करा. बॅटरीचा उजेड तिरपा टाकून पाहा. रंगाच्या तुटक्या कडेतून बाहेर पळणारी केसासारखी रेघ आहे का? सुती कापड फिरवून पाहा. तंतू तुटले असतील तर ते अडकते. अंगठ्याने दाबा, जागा किंचितही आत गेली तर प्रकरण गंभीर आहे. मग नाण्याच्या कडेने दूरपासून त्या जागेकडे हलके टकटक करत या. चांगल्या कार्बनचा आवाज टणक आणि स्वच्छ येतो, थर सुटले असतील तिथे बद्द येतो. मात्र नळीची जाडी बदलते तिथेही आवाज बदलतो, म्हणून त्याच उंचीवर दुसऱ्या बाजूलाही वाजवून तुलना करा.

चारही खुणा चांगल्या असतील तर उघड्या जागेवर रंग लावून वर जाड पॉलियुरेथेनची फिल्म चिकटवा आणि पुढच्या काही फेऱ्यांनंतर रंगाच्या कडा पुन्हा पाहा. एकही खूण वाईट निघाली तर गाडी थांबवा. नळीच्या मधल्या भागातली इजा कार्बन दुरुस्त करणारे कारागीर नीट बरी करू शकतात : खराब भाग उतरता घासून, मूळ तंतूंच्या दिशेने नवे थर इपॉक्सीत बसवून. पिव्होट (मागचा त्रिकोण ज्यावर फिरतो तो सांधा) किंवा बेअरिंग बसते तिथली इजा सहसा दुरुस्तीपलीकडची, मागचा त्रिकोण सुटा मिळत असेल तर तो बदलावा. तडा गेलेला कार्बन हँडलबार किंवा फोर्कचा स्टिअरर (फोर्कला हँडलशी जोडणारी नळी) मात्र कधीच दुरुस्त करू नये, कारण तो तुटतो तेव्हा हातात काहीच उरत नाही.

प्रश्न : ड्रॉपर सीटपोस्ट (खोगीर वरखाली करता येणारा दांडा) दाबला तर चिकटत खाली जातो. बोल्ट ढिला केला तर आख्खा पोस्टच फ्रेममध्ये सरकतो.

उत्तर : क्लॅम्प जास्त आवळल्याने ड्रॉपरची बाहेरची नळी चिमटली जाते आणि आतली अडकते. पोस्ट बाहेर काढून पुसा, फ्रेममध्ये जाणाऱ्या भागाला कार्बन पेस्ट लावा. तिच्यातले बारीक कण पकड वाढवतात, त्यामुळे कमी टॉर्क (आवळण्याचा जोर) पुरतो. टॉर्क रेंचने ४ न्यूटन-मीटरपासून सुरू करा, फ्रेमवर छापलेल्या मर्यादेपलीकडे जाऊ नका. इथे ग्रीस नको.

प्रश्न : चढावर जोर लावला की कुरकुर येते. पिव्होटची सगळी बेअरिंग बदलावी लागतील का?

उत्तर : एवढ्यात नको. कार्बनच्या पोकळ नळ्या आवाज दूर नेतात, त्यामुळे तो बॉटम ब्रॅकेटमधून (पेडलच्या आसाच्या बेअरिंगमधून) येतोय असे वाटते आणि दोष भलतीकडेच निघतो. उभे राहून पेडल मारल्यावर आवाज बंद झाला तर सीटपोस्ट आणि खोगिराचे क्लॅम्प पाहा. बंद झाला नाही तर मागचा थ्रू ॲक्सल (चाकाचा आरपार जाणारा आस) काढून पुसा, हलके ग्रीस लावा आणि ठरल्या टॉर्कला आवळा. डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचा) हँगर, पेडलचे आटे आणि चेनरिंगचे बोल्ट यांनाही तोच उपचार.

तरीही आवाज राहिला तर शॉकचा खालचा बोल्ट काढून मागचा त्रिकोण हाताने वरखाली करा. तो लोण्यासारखा फिरायला हवा. खरखर लागली किंवा बाजूला हलला तर कोणते बेअरिंग गेले ते तिथेच बोटाला कळते, तेवढेच बदला. बोल्ट परत लावताना जुना थ्रेडलॉक (बोल्ट ढिला होऊ न देणारा गोंद) खरवडून निळा थ्रेडलॉक लावा आणि पुस्तिकेतल्या टॉर्कला आवळा. प्रत्येक पिव्होटचा आकडा वेगळा असतो. जोराच्या पाण्याचा फवारा मात्र पिव्होटवर कधीच मारू नका. बेअरिंगमधले ग्रीस निघून जाते आणि दोन महिन्यांत कुरकुर परत येते.