क्लिक रिअॅक्शन (तांब्याच्या मदतीने अझाइड आणि अल्काइन हे रेणू जोडणं) अर्ध्यावर थांबते, द्रावण निळं पडतं. कारण काय?

तुमच्या द्रावणाचा निळा रंग म्हणजे कॉपर-वनचं (तांब्याचं काम करणारं रूप) कॉपर-टू झालंय. ते अझाइड-अल्काइन जोडत नाही. बहुधा अॅस्कॉर्बेट (तांब्याला कॉपर-वन रूपात ठेवणारा क्षार) शिळं असावं. पावसाळ्यातल्या दमट हवेत उघड्या बाटलीतली पावडर पिवळी पडतेच.

१ मिलिमोल अल्काइनला पेंटाहायड्रेट कॉपर सल्फेट १२.५ मिग्रॅ (५ मोल टक्के), सोडियम अॅस्कॉर्बेट ४० मिग्रॅ. अॅस्कॉर्बेट आयत्या वेळी पाण्यात विरघळवा. द्रावक टर्ट-ब्युटेनॉल-पाणी १:१, त्यातून १० मिनिटं नायट्रोजन सोडा, अॅस्कॉर्बेट शेवटी घाला. हवा राहिली तर दोन अल्काइनही आपसात जुळतात. तरी अडलं तर टीबीटीए लिगँड (कॉपर-वनला धरून टिकवणारा रेणू) वापरा. शेवटी तांबं ईडीटीएच्या (धातू पकडणारं रसायन) पाण्याने धुऊन काढा.

आणि हो, सोडियम अझाइड शिल्लक असेल तर डायक्लोरोमिथेनने एक्स्ट्रॅक्शन अजिबात नको, स्फोटक डायअझिडोमिथेन बनतं. इथाइल अॅसिटेट घ्या. आम्लही टाळा.