रबी निघाली, तरी डोळा लागेना

प्रश्न : डॉक्टर, सेलू तालुक्यात आमची शेती आहे. हिवाळाभर एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री थ्री फेजची लाईट. गव्हाला, हरभऱ्याला पाणी द्यायला रात्र रात्र दारं धरली. आता रबी निघाली, तरी मध्यरात्र उलटेपर्यंत डोळा लागत नाही. आठलाच आडवा होतो, दुपारीही जेवून दोन तास पडतो. मेडिकलवाल्यानं दिलेली गोळी दीड महिना घेतोय. आता एकीनं भागत नाही. कोणाला दाखवावं लागेल का?
– एक शेतकरी, वय ४७

उत्तर : दादा, दाखवावंच लागेल, आणि तेही आधी त्या गोळीसाठी. ती बहुतेक अल्प्राझोलामसारखी गुंगी आणणारी गोळी असावी. अशा गोळ्या चिठ्ठीशिवाय द्यायच्या नाहीत असा नियम आहे, तरी गावोगाव मिळतात. शरीराला त्यांची सवय लागते, म्हणून तर एकीनं भागेना. पण हे वाचून आज रात्रीच पाकीट फेकून देऊ नका. एकदम बंद केली तर झोप आणखी उडते, हातपाय थरथरतात, काहींना झटकेही येतात. डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात. जाताना रिकामी पट्टी खिशात ठेवा. गोळीचं नाव कोणाच्याच ध्यानात राहत नाही.

आता झोपेचं. बिघाड लाईटीनं केला, हे खरंच. रात्री रानात राबणाऱ्याला ‘लवकर झोपत जा’ म्हणणाऱ्यांचं मला नवल वाटतं. पण तो बिघाड टिकला, तो झोप भरून काढायच्या धडपडीनं. दुपारचे दोन तास म्हणजे रात्रीच्या झोपेतून घेतलेली उचल. आणि रोज आठपासून बाजेवर तळमळत पडलं, की बाजेला पाठ टेकताच डोकं जागं व्हायला शिकतं. म्हणून दुपारची झोप बंद. पेंग आल्याशिवाय आडवं व्हायचं नाही. आडवं होऊन झोपेविना वीसेक मिनिटं झाली असतील असं वाटलं, की उठून ओट्यावर बसा. घड्याळ नको, मोबाइल तर नकोच. पेंग आली की परत. झोप कधीही लागो, उठायचं रोज पाचला. सुरुवातीचे दिवस जड जातात, तेवढ्यात ट्रॅक्टर आणि मोटारसायकल जपून. दुपारनंतर चहा नको, त्यातलं निम्मं कॅफिन उतरायलाच पाचेक तास लागतात. दारूनं डोळा लागतो, पण पहाटे मोडतो.

आठवड्यातून तीन रात्री, असं तीन महिने चाललं आणि दिवसाच्या कामावर परिणाम व्हायला लागला, तर तो जुना निद्रानाश. त्यावरही पहिला इलाज गोळी नाही. वर सांगितलं तेच, पण मानसोपचारतज्ज्ञ समोर बसवून ते नीट करून घेतात. घोरता घोरता श्वास अडकतो का, ते घरच्यांना विचारा. संध्याकाळी पाय हलवल्याशिवाय चैन पडत नसेल, तर तेही सांगा, रक्तातलं लोह तपासता येतं.

पण पहाटे जाग येऊन कर्जाचे, सोयाबीनच्या भावाचे विचार सुटत नसतील, कशात मन लागत नसेल, तर तीन महिने मोजत बसू नका. जगणं नकोसं वाटलं तर त्याच दिवशी घरच्या कोणाला तरी घेऊन जिल्हा रुग्णालय गाठा, नाहीतर १४४१६ लावा. तो सरकारच्या टेली-मानसचा नंबर, चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.