वाचकांचे प्रश्न: कार्डाचा साचा आणि कापलेली वेलांटी

प्रश्न: आमच्या वाचनालयाच्या संकेतस्थळावर कार्यक्रमांची कार्डं आहेत. मजकूर कमी-जास्त झाला की ‘नाव नोंदवा’ बटणं वर-खाली दिसतात. लहान फोनवर तर पान आडवंच सरकतं. सगळीकडे चालेल असा एकच साचा करता येईल का?

उत्तर: येईल, पण सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत) मांडणी आणि कार्ड यांचे क्लास (नियमांच्या गटांची नावं) वेगळे ठेवा. कार्डाला रुंदी देऊच नका. ती बाहेरच्या ग्रिडने (ओळी-कॉलमांच्या चौकटीने) ठरवायची. ग्रिडच्या कॉलमसाठी रिपीटमध्ये ऑटो-फिल (मावतील तितके कॉलम) घाला आणि मिनमॅक्सची (किमान-कमाल रुंदीची) खालची मर्यादा नुसती १६ रेम (पानाच्या मूळ अक्षर-आकाराची १६ पट) न देता ‘मिन (१००%, १६ रेम)’ म्हणजे दोन्हींतली लहान, अशी द्या, वरची १ एफआर (उरलेल्या जागेचा एक वाटा). १६ रेम म्हणजे सहसा २५६ पिक्सेल. पॅडिंग (कडेची आतली मोकळी जागा) वजा जाता तेवढी जागा उरली नाही तर कॉलम आकसत नाही आणि पान सरकतं. तुमच्याकडे बहुधा हेच होतंय. ऑटो-फिट (रिकामे कॉलम मिटवणारा पर्याय) टाळा. कार्यक्रम एकच असला की ते कार्ड पानभर ताणलं जातं.

कार्डाला डिस्प्ले फ्लेक्स (आतले भाग एका रांगेत मांडणारी पद्धत), दिशा कॉलम आणि बटणाला मार्जिन-टॉप (वरचं अंतर) ऑटो दिलं की बटणं तळाशी एका रेषेत येतात. ग्रिडला अलाइन-आयटम्स स्टार्ट (कार्डं न ताणता वर टेकवणारा नियम) दिलं असेल तर काढा, नाहीतर कार्डांची उंचीच सारखी होणार नाही.

प्रश्न: कार्डावर कुठेही टिचकी मारली तरी कार्यक्रमाचं पान उघडायला हवं. सगळं कार्ड लिंकमध्ये गुंडाळू का?

उत्तर: नको. लिंकच्या आत बटण ठेवणं एचटीएमएलला मान्य नाही, शिवाय स्क्रीन रीडर (पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) सगळा मजकूर एका दमात वाचतो. लिंक फक्त मथळ्याला द्या. तिच्या आफ्टर स्यूडो-एलिमेंटला (सीएसएसने जोडलेल्या आभासी भागाला) रिकामा कंटेंट, पोझिशन अ‍ॅब्सोल्यूट आणि इनसेट ० द्या, म्हणजे लिंक कार्डभर पसरते. कार्डाला पोझिशन रिलेटिव्ह विसरलात तर ती अदृश्य लिंक पानभर पसरते. बटणालाही रिलेटिव्ह आणि झेड-इंडेक्स १ हवं, म्हणजे ते त्या लिंकच्या वर राहतं.

प्रश्न: मथळा दोन ओळींत कापला की ‘कीर्ती’वरचा रफार आणि वेलांटी अर्धी उडते.

उत्तर: इंग्रजीसाठी ठेवलेली १.२ लाइन-हाइट (ओळीची उंची) देवनागरीला पुरत नाही. १.५ ते १.६ ठेवा, एककाशिवाय. बॉडीला (सगळ्या पानाला) लाइन-हाइट म्हणून २४ पिक्सेल दिलेत तर मोठ्या मथळ्यालाही तेच २४ मिळतात. तरीही कापलं तर पॅडिंग-टॉप ०.१५ ईएम (अक्षर-आकाराच्या ०.१५ पट) द्या. खाली पॅडिंग देऊ नका, तिसऱ्या ओळीच्या शिरोरेषा तिथून डोकावतात. लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं अंतर) मात्र ०च हवं, नाहीतर शिरोरेषा तुटते.