दार किती उघडं ठेवायचं?

सहनिवासात प्रत्येक कुटुंबाचं स्वतःचं पूर्ण घर असतं, स्वयंपाकघरासकट. अंगण, मोठं जेवणघर, पाहुण्यांची खोली आणि कपडे धुण्याची जागा मात्र सगळ्यांची. डेन्मार्कमध्ये १९७२ साली २७ कुटुंबांनी सेटेडामेन ही अशी पहिली वसाहत उभी केली. आपल्याकडेही मित्रमंडळी एकत्र जमीन घेऊन हा विचार करू लागली आहेत आणि यावेळी आलेल्या बऱ्याच पत्रांत एकच धास्ती दिसते : एवढ्या माणसांत आपलं असं काही उरेल का?

प्रश्न : आम्ही अकरा कुटुंबं पुण्याजवळ बैठी घरं बांधत आहोत. वास्तुविशारदाने सगळ्यांची स्वयंपाकघरं मधल्या अंगणाकडे काढली आहेत. येता-जाता प्रत्येकजण आत डोकावणार, म्हणून निम्म्या घरांचा विरोध आहे. नकाशा बदलायला लावावा का?

स्वयंपाकघर अंगणाकडेच राहू द्या. डेन्मार्कच्या वसाहतींतही ते असंच ठेवतात, कारण दिवसातला बराच वेळ कुणीतरी तिथे उभं असतं. मुलांवर लक्ष राहतं, हाक मारता येते. बदलायच्या आहेत त्या उंच्या. त्यांचं गणित सोपं आहे.

वाटेवरून चालणाऱ्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण पाच फुटांवर असतात. जोतं दीड फूट उचला, म्हणजे सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या. खिडकी घरातल्या जमिनीपासून साडेतीन फुटांवर सुरू करा. खिडकीची खालची कड आता बाहेरून बरोबर पाच फुटांवर आली. वाटेवरच्या माणसाला छत दिसेल, पोळ्या लाटणाऱ्या बाईंचा चेहरा दिसेल. ओट्यावरचा पसारा आणि मोरीतली भांडी दिसणार नाहीत. आतल्या माणसाला मात्र अंगण दिसत राहील. जोतं जमिनीलगत ठेवलं तर हा सगळा हिशेब कोसळतो. मग लोक खिडकीला कागद चिकटवतात आणि तो कागद वर्षानुवर्षं तसाच राहतो.

ओसरी सात फूट खोल हवी. चार फुटांत समोरासमोर दोन खुर्च्या ठेवून मधून जाता येत नाही, त्यामुळे तिथे चपलांचं कपाट येतं आणि बसणं संपतं. जोत्यामुळे खुर्चीत बसलेल्याची नजर वाटेवर उभ्या असलेल्याच्या नजरेच्या पातळीला येते. कुणी आपल्याला वरून पाहतंय असं वाटत नाही. वाट आणि ओसरी यांच्यात पाच-सहा फुटांची पट्टी सोडून दोन-अडीच फूट उंचीची झाडं लावा. मेंदी उंच वाढू दिली तर तिची भिंत होते.

झोपायच्या खोल्या मागे, आणि मागच्या बाजूने सामाईक वाट नको. जुन्या वाड्यात देवडी, चौक, ओसरी, माजघर असे टप्पे होते. कोण कुठपर्यंत येणार हे घरच सांगायचं. चाळीच्या गॅलरीत तो टप्पाच नाही, दार उघडलं की थेट खोली. पुढे कधी मजला चढवलात तर गॅलरीवर शेजघराची खिडकी काढू नका, ती कायम बंद राहील.

लाकडी जाळीवर फार भिस्त ठेवू नका. दिवसा बाहेर जास्त उजेड असतो म्हणून आतलं दिसत नाही. रात्री आत दिवा लागला की उलट होतं, त्यासाठी खालच्या अर्ध्या खिडकीला पडदा लावा. दोन घरांच्या मधली भिंत नऊ इंची आणि थेट स्लॅबपर्यंत बांधा. दोन्ही बाजूंचे स्विचबोर्ड पाठीला पाठ लावून बसवू देऊ नका. तिथे भिंत पोखरली जाते आणि पलीकडचं बोलणं ऐकू येतं. इलेक्ट्रिशियन वायर वाचवायला हमखास तसंच करतात.

पाया खणण्याआधी एक संध्याकाळ जागेवर घालवा. दीड फुटाच्या बाकावर खुर्ची ठेवून एकाला बसवा, बांबूला चादर बांधून तिची वरची कड पाच फुटांवर आणा, बाकीच्यांनी वाटेच्या आखणीवरून चालावं. अंधार पडल्यावर मागे दिवा लावून पुन्हा तेच करा. नकाशावर महिनोन्महिने चाललेला वाद तिथे तासाभरात मिटतो.

प्रश्न : आमच्याकडे आठवड्यातून तीन वेळा एकत्र जेवण असतं. मला कधीकधी नको असतं, पण नाही म्हटलं की ‘काही झालंय का?’ असं चौघं तरी विचारतात. दुपारी कुणीही दार ढकलून आत येतं. तुटक न वागता हे कसं थांबवावं?

जेवणाचा तक्ता आधी पाहा. ‘येणार / नाही’ यापुढे ‘कारण’ असा रकाना असेल तर तो आजच काढून टाका. त्या एका रकान्याने जेवणाची हजेरी होते. आदल्या रात्री आठपर्यंत खूण करायची, नंतर बदल केला तर त्या ताटाचे पैसे द्यायचे, एवढे दोन नियम पुरतात. स्वयंपाक करणाऱ्याला आकडा हवा असतो. तो मिळाला की कुणाला काय झालंय याची चौकशी करायचं निमित्त उरत नाही. नकाराला कारण लागणार नाही, हे सर्वसाधारण सभेत ठरवून इतिवृत्तात लिहून घ्या. ज्याला नको म्हणता येतं, तोच मनापासून येतो.

दारासाठी खूण हवी, आणि ती सगळ्यांची एकच हवी. ओसरीचा दिवा किंवा कडीला अडकवलेली रंगीत दोरी चालेल. दोरी असेल तर बेलसुद्धा वाजवायची नाही, अडचण असेल तर फोन करायचा. एकट्या तुम्हीच लावलीत तर ती रुसवा वाटेल, म्हणून पहिल्या आठवड्यात प्रत्येक घराने दिवसातून एकदा तरी लावावी. संध्याकाळी ती काढायला विसरणारी माणसं निघतात आणि मग खुणेला अर्थ राहत नाही; रात्रीच्या जेवणाला ती सगळीकडून उतरवायची, असा शिरस्ता पाडा. मुलांना हे सर्वांत लवकर जमतं.

प्रश्न : आमच्या ज्येष्ठांच्या सहनिवासात एक सूचना आली आहे की प्रत्येकाच्या आजारांची यादी कार्यालयात लावावी आणि सगळ्या घरांच्या किल्ल्या तिथेच ठेवाव्यात. आईला हे अपमानास्पद वाटतं. तिचं चुकतंय का?

तिचं अजिबात चुकत नाही. शेजाऱ्यांना काय करायचं ते कळायला हवं. आजाराचं नाव कळायलाच हवं असं नाही. ‘घाम सुटला, बोलणं अडखळलं तर पूर्ण शुद्धीत असतील तरच साखरेचं पाणी द्या आणि अमुक नंबरवर फोन करा’ एवढं दोघा शेजाऱ्यांना माहीत असलं तरी जीव वाचतो. विसराळूपणा वाढलेल्या माणसाबद्दल फाटकावरच्या माणसाला सांगावं लागेल, पण त्या व्यक्तीशी किंवा घरच्यांशी बोलून.

यादीऐवजी पाकीट करा. आत एकच कागद : रक्तगट, चालू औषधं मात्रेसह, कशाची ॲलर्जी, डॉक्टर आणि नातेवाइकांचे नंबर. पाकीट बंद करून झाकणीवर आडवी सही करा आणि ते घरातच फ्रिजच्या दारावर लावा. १०८ ची रुग्णवाहिका आली की त्यांच्या हातात द्यायचं. यात नेहमी बिघडतं ते एकच : औषध बदलतं, कागद जुनाच राहतो. गुढीपाडव्याला आणि दसऱ्याला नवा लिहायचा.

किल्ली आईने स्वतः निवडलेल्या दोन घरांत असावी, तीही सही केलेल्या बंद पाकिटात, घरक्रमांक न लिहिता. पाकीट फाटलेलं दिसलं की किल्ली वापरली गेली हे तिला कळतं. आधी बेल, मग दोनदा फोन, मग नातेवाइकांना फोन, आणि आत जायचं ते दोघांनी मिळून. नऊपर्यंत दुधाची पिशवी उचललेली नसेल तर शेजाऱ्याने बेल वाजवायची, अशी रोजची साधी खूण ठरवलीत तर किल्ली लागण्याची वेळ क्वचितच येईल.

न्हाणीघराचं दार मात्र लगेच पाहून घ्या. ते आत उघडत असेल तर पडलेलं माणूसच दाराला अडसर होतं. बाहेर उघडणारं दार आणि बाहेरून नाण्याने फिरवता येणारी कडी बसवून घ्या. आतून लावून घेण्याची मोकळीकही राहते आणि वेळेला दार फोडावं लागत नाही.

प्रश्न : सगळंच पारदर्शक हवं म्हणून थकबाकीदारांची नावं व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकावीत, अंगणातल्या कॅमेऱ्याचं चित्रही सर्वांना मोबाइलवर दिसावं, असं काहींचं म्हणणं आहे.

संस्थेचा पैसा उघडा असावा : ताळेबंद, बिलं, सभांची इतिवृत्तं कुणालाही पाहता यावीत. थकबाकीची एकूण रक्कम फलकावर लावा. ती कुणाची हे समितीने त्या घरी जाऊन, दार लावून बोलावं. ग्रुपवर नाव आलं की पैसे येण्याआधी माणूस जेवायला यायचं सोडतो. कॅमेरे फक्त फाटकावर आणि वाहनतळावर, कुणाच्या ओसरीकडे रोखलेले नकोत. चित्रण पंधरा दिवसांनी आपोआप पुसलं जावं, आणि पाहायचं असेल तेव्हा दोन समिती सदस्यांनी एकत्र बसून, वहीत तारीख व कारण लिहून पाहावं. या वहीत मात्र कारणाचा रकाना जरूर ठेवा.