जर्मनीत रेगेन्सबुर्गला नोकरी मिळतेय. तिथेच राहू की म्युनिकहून ये-जा करू?

तिथेच राहा. म्युनिकहून रेल्वेला दीड तास लागतो, म्हणजे रोजचे तीन. "जुनं, झोपलेलं गाव आहे म्हणतात" असं तुम्ही लिहिलंय, म्हणून उत्तर देतेय. माझा म्युनिकवाला दादा आठ वर्षं मला हेच ऐकवतोय.

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर आमच्याकडे, रेगेन्सबुर्गला आले. दादाने आल्प्स, राजवाडे, सगळं ठरवून ठेवलं होतं. पण पहिल्याच दिवशी मी त्यांना डॅन्यूबवरच्या दगडी पुलावर नेलं आणि ते तिथेच रमले. हा पूल ११३५ ते ११४६ मध्ये बांधला. १९३० च्या दशकापर्यंत शहरात नदी ओलांडायला दुसरा पूल नव्हता. प्रत्येक खांबाभोवती लांबट बेटासारखा भराव आहे, पाया खरवडून जाऊ नये म्हणून. बाबा कठड्यावरून वाकून बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "पाया वाचवला, पण नदीची वाट अडवली." खरंच, कमानींतून पाणी घुसळत सुटतं आणि पुढे भोवरे पडतात. मालवाहू जहाजांसाठी उत्तरेकडून वेगळा कालवा काढलाय. दुसऱ्या दिवशी बाबांना तो कालवा बघायचा होता, तिसऱ्या दिवशी पुन्हा पूल. १९४५ मध्ये माघार घेताना जर्मन सैन्यानेच याच्या कमानी उडवल्या हे सांगितलं, तेव्हा त्यांचा चेहरा पडला.

दादा चिडला, "एवढ्या लांब आणून बाबांना पूल दाखवलास?" हो, दाखवला. आल्प्सच्या फोटोंबद्दल बाबा कधी बोलत नाहीत. पुलाबद्दल आजही शेजाऱ्यांना सांगतात.

आणि झोपलेलं कसं? इसवी सन १७९ मधल्या रोमन छावणीच्या दरवाजाची कमान तिथे नंतरच्या इमारतीच्या भिंतीत उभी आहे, समोरून लोक सायकलवर कामाला जातात. १६६३ पासून १८०६ पर्यंत पवित्र रोमन साम्राज्याची (तेव्हाच्या जर्मन राज्यांच्या साम्राज्याची) संसद याच गावात भरायची. जुन्या भागात आजही माणसं राहतात, विद्यापीठामुळे पोरांची वर्दळ असते. म्युनिक मोठं आहे, एवढंच.

भाडी मात्र स्वस्त नाहीत, आणि नोव्हेंबरात धुकं दिवसभर हटत नाही. पुलापलीकडे स्टाटआमहोफमध्ये घर मिळालं तर बघा, पण तळमजला घेऊ नका. २०१३ च्या जूनमध्ये डॅन्यूबला मोठा पूर आला होता. भिंतीवरच्या पुराच्या खुणा बघून बाबांनी मलाही हेच बजावलं होतं.